माझ्या स्टुलाची उंची

समोरचा बुटांचा कारखाना पाडला, त्याला दोन हिवाळे झाले.
टाम्पेरे नगरपालिकेचं म्हणणं, काम वेळेत चाललंय.
कुंपणावरच्या फलकावर सायकली, झाडं,
फुगा धरलेली एक मुलगी,
सगळे जून महिन्यातले.
इथे जानेवारी. उणे सतरा.
काँक्रीटलाही थंडी बाधते,
म्हणून त्याला ताडपत्रीत गुंडाळून
आतून गरम वारा सोडतात रात्रभर.
नारिंगी उजेडात ती ताडपत्री फुगते, बसते, फुगते.
तापाच्या पोराशेजारी बसावं
तशी मी खिडकीत.

कॅलेंडरच्या पाठीवर नोंदी ठेवते.
नऊ नोव्हेंबर: पहिला मजला.
तीन डिसेंबर: काही नाही, वारा.
वीस डिसेंबर: कुणीतरी सळयांना दिव्यांची माळ बांधली.

पाचवा मजला चढला त्या दिवशी तळं गेलं.
बोटभरच दिसायचं, दोन धुराड्यांमधून.
खरं तर कारखाना उभा होता तोवर तेवढंही नव्हतं,
पाडल्यावर दोन वर्षं फुकट मिळालं.
फुकटचं गेलं की जास्त लागतं.

क्रेनवर मारिका असते, पार्नूची.
पंधरा दिवसांनी बोटीने घरी जाते, समुद्रापलीकडे.
शिडी चढताना ती बरोबर माझ्या खिडकीसमोर
दम खायला थांबते.
मी कप उंचावते, ती हातमोजा.
एकदा बाजारात भेटली, काळं सॉसेज खात उभी.
जमिनीवर ती माझ्याहून बुटकी निघाली.
बोलायला दोघींनाही काही सुचेना.

सांतेरी नावाचा पोरगेला इंजिनियर आला,
हादऱ्यांनी आमच्या भिंतींना तडे गेलेत का बघायला.
तडे नाहीत, म्हटलं, एक शंका आहे.
एकोणीस वर्षं मी तिथे बुटांचे वरचे भाग शिवले.
तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी,
मशीन नंबर एक्केचाळीस.
फोटो नाही, शिवताना मान वर करायची सोय नव्हती.
मी बसायचे, तिथे आता काय येतं?

तो हसला. मग हसायचा थांबला.
आठवड्याने जुना नकाशा घेऊन आला,
कडा वाळवीने नाही, कॉफीने खाल्लेल्या.
म्हणाला, जुना मजला चार मीटर वीस, यंत्रांसाठी,
नवा तीन, माणसांपुरता.
त्यामुळे हिशेब जुळत नाही, तुओवी.
तुझं स्टूल स्लॅबमध्ये येतं.

म्हणजे माझे पाय
तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी छतातून लोंबकळणार,
दिव्याशेजारी.
मांडी काँक्रीटमध्ये.
कमरेच्या वरची मी चौथ्या मजल्यावर,
हात त्यांच्या फरशीवर टेकलेले,
जणू काही सांडलंय आणि पुसतेय.
दोन घरं, दोन हप्ते,
आणि मधोमध एक बाई, कुणाच्याच खरेदीखतात नाही.

मी विचारलं, तिथला गरम वारा पुरेसा होता का?
सांतेरीने फोनमध्ये पाहिलं.
हो, म्हणाला. त्या रात्री अठ्ठावीस अंश होते.
कारखान्यात एवढं कधीच नव्हतं.
आम्ही चामड्याचे तुकडे मोज्यांत घालायचो.

परवा चौथ्यावर पहिला दिवा लागला.
एक माणूस अनवाणी,
रिकाम्या खोलीत पावलं मोजत होता.
भिंतीपासून सहा, खिडकीपासून तीन.
माझ्या खांद्यापाशी थांबला,
मागे वळून कुणाला तरी काहीतरी म्हणाला.
‘इथे’ असावं.
सोफा येईल, किंवा पाळणा.

चौदा मे: पडदे अजून नाहीत.
क्रेन उतरवली.
शिडी तुकड्यातुकड्यांनी ट्रकवर आडवी.
मारिका जिथे दम खायची,
ती पायरी कुठली,
खिडकी उघडून, चष्मा लावून पाहिलं.
ओळखता आली नाही.